तिने आईला वाचून दाखवलेली कादंबरी

ती कादंबरी मी एकशे दहाव्या पानापर्यंतच वाचली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं, आणि त्या वेळी मी ते कुणापाशी बोलले नव्हते.

तळेगावातल्या एका जुन्या वाचनालयात मी एकवीस वर्षं पुस्तकं देते-घेते. दर बुधवारी स्कूटरच्या मागे पत्र्याची पेटी बांधून आसपासच्या गावांतल्या हायस्कुलांमध्ये जाते. मधल्या सुट्टीत पेटी उघडायची, मुलांनी पुस्तकं चाळायची, वहीत नाव लिहून न्यायची आणि पुढच्या बुधवारी परत आणायची. पाचवी-सहावीच्या मुलांचं सोपं असतं. अवघड असतात ती आठवी ते दहावीची. ती समोर येऊन उभी राहतात, इकडेतिकडे बघत "काहीतरी द्या" म्हणतात, आणि त्या काहीतरीमध्ये नेमकं काय हवंय ते त्यांनाही ठाऊक नसतं. मी त्यांना एकच विचारायचे, "सध्या कशाचा कंटाळा आलाय?" एका मुलाने सांगितलं, "काकाचा." एका मुलीने सांगितलं, "डब्यातल्या पोह्यांचा." उत्तरावरून मी अंदाज बांधायची आणि पेटीतून कादंबरी काढून द्यायची. बहुतेक वेळा जमून जायचं. मुलं परत येऊन म्हणायची, "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?" शिक्षक मला दुसऱ्या शाळांत बोलवायचे. हळूहळू माझं नाव झालं, आणि नाव झाल्यावर मी आळशी झाले. नवी कादंबरी आली की शंभरेक पानं वाचायची, भाषा कशी आहे, मुलं धरून राहतील का एवढं बघायचं आणि पेटीत टाकायची. शेवटाकडे क्वचितच जायची. मला वाटायचं, इतक्या वर्षांत आपल्याला पुस्तकाची नाडी कळते.

त्या वर्षी वाचनालयात एका कादंबरीच्या दोन प्रती आल्या. एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण मामाच्या घरातून निघून जातात. त्यांचा बाप कोकणात कुठल्याशा मिठागरावर कामाला आहे, एवढंच त्यांना माहीत असतं, आणि ती दोघं त्याला शोधत चालत, ट्रकने, होडीने जातात. पहिली शंभर पानं मी हसत वाचली. भाऊ भलताच बोलका. बहीण रडायला लागली की तो काहीतरी उलटंसुलटं बोलून तिला हसवतो. मला ते पुस्तक फार आवडलं. एकशे दहाव्या पानावर खूण घातली, एक प्रत पेटीत टाकली, दुसरी वाचनालयाच्या कपाटात लावली.

परंदवडीच्या बाजूच्या एका हायस्कुलात नववीतली एक मुलगी होती. उंच, सडसडीत, दोन वेण्या आणि बोलणं जवळजवळ नाहीच. ती दर बुधवारी पेटीपाशी यायची, पुस्तकं उघडून शेवटचं पान बघायची आणि परत ठेवायची. तिने अजून एकही पुस्तक नेलं नव्हतं. त्या बुधवारी मीच तिला विचारलं, "कशाचा कंटाळा आलाय गं?"

तिने हातातलं पुस्तक परत पेटीत ठेवलं. मग म्हणाली, "घरात कुणी बोलत नाही त्याचा."

मी लगेच हात घालून ती बहीण-भावाची कादंबरी काढली. "यातला भाऊ एवढा बोलतो ना, तुझे कान किटतील," मी म्हणाले. ती माझ्याकडे अशी काही बघत राहिली की मला वाटलं, बरोबर निशाणा लागला. तिने वहीत नाव लिहिलं, पुस्तक दप्तरात घातलं. मी खुशीत परत आले.

पुढचे दोन बुधवार तिने पुस्तक परत आणलं नाही. अजून व्हायचंय म्हणाली. मला आनंदच झाला.

मग एका शनिवारी सकाळी तळेगावच्या एका सोसायटीतली दहावीची मुलगी वाचनालयात आली. तिने दुसरी प्रत नेली होती. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, ठेवलं कसलं, आपटलंच. "तुम्ही म्हणाला होतात, मजेशीर आहे. तो दादा मरतो यात. खाडीत बुडतो. निम्म्या पुस्तकात. आधी सांगायचं तरी!"

मी "हो का" असं काहीतरी पुटपुटले. ती गेल्यावर पुस्तक उघडलं. माझी खूण अजून तिथेच होती. एकशे अकरावं पान, बारावं, तेरावं. एकशे एकोणिसाव्या पानावर ती दोघं भरतीच्या वेळी खाडी ओलांडायला निघतात. बहिणीला तो एक खांब धरायला लावून उभं करतो आणि तिची वाहून गेलेली पिशवी आणायला पाण्यात उतरतो. तो परत येत नाही. पुढचं निम्मं पुस्तक ती एकटी चालते. लिहिलं उत्तम होतं.

मी त्या हायस्कुलातल्या मराठीच्या बाईंना फोन लावला. तोपर्यंत माझ्या मनात फक्त एवढंच होतं, की पोरं नाजूक वयाची असतात, निदान तिला सांगून ठेवावं पुढे काय आहे ते. मी मुलीचं वर्णन केलं, पुस्तकात काय आहे ते सांगितलं.

"तिला दिलंत?" बाई म्हणाल्या. "अहो, तिचा भाऊ दोन वर्षांपूर्वी पवनेत बुडून गेला. बंधाऱ्यावर मित्रांबरोबर पोहायला गेला होता. बारावीला होता."

मी फोन ठेवला. घरात कुणी बोलत नाही, असं ती म्हणाली होती. आणि मी तिला बोलका भाऊ दिला होता, कान किटतील म्हणून.

वाचनालय दुपारी एकला बंद होतं. मी साडेबारालाच कुलूप लावलं. सोमाटण्याकडून परंदवडीला पोचायला पंधरा मिनिटं पुरेशी होतात, पण त्या दिवशी फाट्यावर ट्रक आडवे झालेले. मी स्कूटर बंद करायची, परत चालू करायची, उगाच हॉर्न वाजवायची. ती कितव्या पानावर असेल? अडीच आठवडे झाले होते. पण रोज दोन-चार पानं वाचणारी मुलंही असतात. कदाचित अजून खाडी आली नसेल. हा हिशेब मी पुन्हा पुन्हा करत होते.

घर विचारत विचारत सापडलं. रस्त्याच्या कडेला भाताची खाचरं, लोंब्या भरून वाकलेल्या. तिचे वडील ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायचं होतं त्यांना. मी वाचनालयातली आहे, पुस्तकासाठी आलेय, म्हटल्यावर ते घाईने उठले.

"पुस्तक फाटलं का काय पोरीकडनं?"

"नाही भाऊ, तसं काही नाही. मला ते जरा परत हवं होतं. दुसरं देते मी तिला."

"ते हितं न्हाई. मायलेकी तुंगार्लीला गेल्यात. तितं माझी मेव्हणी एक बंगला सांभाळती. शनवार-रविवार पावनं असत्यात, मग हिची आई सैपाकाला जाती. पोरगी बी जाती संगं. पुस्तक नेलंय त्यांनी." मग जरा हसल्यासारखं करून म्हणाले, "एक सांगू मॅडम? आमच्या घरात दोन वर्सं कुनी मोठ्यानं बोललं न्हाई. आता पोरगी रोज वाचून दावती आन आई ऐकती. मी बी भितीआडनं ऐकतो. ते पोरगं लय भारी बोलतं त्यातलं."

मी फोन नंबर विचारला. त्यांनी बायकोचा नंबर दिला. बाहेर येऊन मी तो लावला, पण बंद लागला. चालू असता तरी मी काय सांगणार होते? पुस्तक मिटा, म्हणून?

तुंगार्ली लोणावळ्याला लागूनच; जुन्या हायवेने मी तिकडे निघाले. खरं तर स्टेशनला जाऊन लोकल धरली असती तर सुखात पोचले असते, पण फलाटावर थांबायची कल्पनाच सहन होत नव्हती. वडगाव, कामशेत, मग शनिवारची गाड्यांची रांग. सनरूफमधून डोकी बाहेर काढलेली पोरं, गाणी, चिक्कीच्या पाट्या. मी त्या रांगेच्या कडेकडेने स्कूटर घालत होते आणि मनात आईला सांगायची वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळत नव्हतं. मुलीने एकटीने वाचलं असतं तर एक गोष्ट होती. आता ते पुस्तक आईच्या कानात जात होतं.

तुंगार्लीत बंगला मिळायला अर्धा तास गेला. पुढच्या बाजूला पाहुण्यांचा पोहायचा तलाव होता, तिथून ओरडणं आणि संगीत ऐकू येत होतं. मी मागच्या बाजूने गेले. स्वयंपाकघराच्या मागे एक अरुंद पडवी होती. तिथे एक बाई खाली बसून लसूण सोलत होती आणि भिंतीला टेकून मुलगी वाचत होती. मी दोन पावलं अलीकडेच थांबले.

मुलगी वाचत होती, "मग दादानं तिचा हात धरला. म्हणाला, 'भ्यायचं न्हाई. पानी काय तुला खात न्हाई. तू नुसतं पाय हालवत ऱ्हा, बाकीचं मी बगतो.' असं करत करत दोघं खाडीच्या पलीकडं गेले. आणि पलीकडं गेल्यावर दादा म्हणाला, 'बगितलंस? उगा रडत होतीस. आता माझी चड्डी वाळंस्तवर हितंच बसावं लागनार.'"

आई हसली. मोठ्याने नाही, पण हसली.

मी त्याच सकाळी ते प्रकरण वाचलं होतं. त्यात यातलं एक अक्षर नव्हतं. पुस्तकातला भाऊ अशी भाषाच बोलत नव्हता.

मुलीने मान वर केली आणि मला बघितलं. तिने पुस्तक छातीशी धरलं आणि आईच्या डोक्यावरून माझ्याकडे नुसती बघत राहिली. शाळेत इतके महिने तोंड न उघडलेल्या त्या मुलीने त्या वेळी डोळ्यांनी मला जेवढं विनवलं तेवढं मला पुन्हा कुणी विनवलेलं नाही.

"कोन पायजेल?" आईने वळून विचारलं.

"आई, या आमच्या पेटीच्या मॅडम," मुलगी घाईने म्हणाली.

"अगं बया! बसा की." आईने पदराने हात पुसले, पाट सरकवला. "पुस्तकासाठनं एवढ्या लांब आलासा? पन शेवट व्हयस्तवर नेऊ नगा हां. आत्ताच खाडी पार झाल्यात. अजून बाप घावायचाय त्यांना."

मी पाटावर बसले. वाटेत जुळवलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली. "नाही नेत," मी म्हणाले. "इकडे आलेच होते, म्हटलं बघावं कसं चाललंय."

"तुमी वाचलं आसंल की समदं. घावतो का बाप?"

मुलगी नखं पुस्तकाच्या पुठ्ठ्यात रुतवून बसली होती. मी म्हणाले, "माझं शेवटपर्यंत वाचायचं राहिलंय." सकाळी अकरा वाजेपर्यंत हे खरं होतं. आता ते खोटं होतं, आणि ते मी इतक्या सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

आईने चहा ठेवला. मुलीला पुढच्या अंगणात पाहुण्यांचे कप गोळा करायला पाठवलं. ती जायला तयार नव्हती. दारात दोनदा वळून बघितलं तिने. शेवटी गेली.

ती गेल्यावर आई परत लसूण सोलायला बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक इचारते. खरं सांगाल? ते पोरगं पुस्तकात मरतं न्हवं?"

मी गप्प राहिले. तेच उत्तर झालं.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "सही येती तेवडी. पन डोळं तर हायेत. आदी ती वाचायची तवा बोट ओळीवरनं फिरायचं. मदी एक दिस थांबली, पोटात दुकतंय म्हनली, वाचलंच न्हाई. दुसऱ्या दिसापास्नं बोट हालंना झालं. पान उलटती, पन नजर भितीवर. आन ते पोरगं आमच्या पोरावानी बोलाया लागलं. 'पानी काय तुला खात न्हाई.' हे त्याचं हाय. हिला हिरीत पवायला शिकवायचा तवा म्हनायचा. पुस्तक लिवनाऱ्याला कुटनं ठावं आसनार?"

लसणाची सालं वाऱ्याने उडत होती, ती एका हाताने गोळा करत होती.

"ताई, माझं चुकलं," मी म्हणाले. "पूर्ण न वाचताच मी ते तिला दिलं. तुमच्या घरचं मला माहीत नव्हतं, पण पुस्तकातलं तरी माहीत हवं होतं."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "आदी वाचलं आसतं तर दिलं आसतं का?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली. एवढंच. आणि परत लसूण सोलू लागली.

जरा वेळाने म्हणाली, "तिला सांगू नगा मला कळलंय ते. ती मला जपती. मी तिला जपते. आन रोजचं अर्दा घंटा तो बोलतो घरात. तेवडं ऱ्हाऊ द्या."

मुलगी कपांचा ट्रे घेऊन आली. मला फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा तिने दबक्या आवाजात विचारलं, "आईला काही बोललात?"

"नाही," मी म्हणाले. एका दुपारी दुसरं खोटं.

"मी वाचलंय पुढचं सगळं. दोनदा. आईला नको होतं ते." मग फाटकाची कडी काढत, "रोज किती बनवायचं ते आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवते. नाहीतर मध्येच अडकायला होतं."

परतीच्या वाटेवर मी कामशेतला स्कूटर उभी केली आणि एका टपरीवर बसले. चहा मागवला आणि प्यायलाच विसरले. आईच्या त्या "मग"चा अर्थ मी लावत होते. तिने मला माफ केलं होतं असं मला वाटेना. तिने फक्त एक प्रश्न विचारला होता. मी आधी वाचलं असतं तर त्या मुलीला काहीतरी निरुपद्रवी दिलं असतं, आणि त्या घरात कुणी बोललं नसतं. याचा अर्थ मी न वाचता दिलं ते बरोबर केलं? छे. एखाद्या दुसऱ्या घरात याच पुस्तकाने काय केलं असतं? तुंगार्लीहून निघताना मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही.

पुढचे कित्येक दिवस मी बेचैन होते. वाचनालयातलं कुमारांचं कपाट मी रिकामं केलं आणि एकेक पुस्तक शेवटापर्यंत वाचायला घेतलं. जेवताना वाचायची, गॅससमोर उभी राहून वाचायची. एकदा दूध उतू गेलं, एकदा कुकर करपला. कुठल्या पुस्तकात कोण मरतं, कुणाचे आईबाप वेगळे होतात, कुणाला कोण मारतं, हे मी चिठ्ठ्यांवर लिहून पुस्तकांत घालायला लागले. मग एक दिवस त्या चिठ्ठ्या बघून मलाच भीती वाटली. प्रत्येक पुस्तकावर धोक्याची पाटी लावल्यासारखं दिसत होतं. चिठ्ठ्या काढून टाकल्या. दोन दिवसांनी काही परत घातल्या. शाळेत मुलं "काहीतरी द्या" म्हणाली की माझा हात पेटीवरच थांबायचा. एक मुलगा वैतागून म्हणाला, "मॅडम, आधी तुम्ही पटकन द्यायच्या."

ती मुलगी दर बुधवारी यायची. पेटीपाशी उभी राहून मला हळूच हकीकत सांगायची, जणू आम्ही दोघी मिळून काही चोरत होतो. भाऊबहीण आता एका बैलगाडीवाल्याकडे राहिलेत. आता भावाला ताप आलाय, पण उतरेल. आता ती मिठागरापासून दोन कोस आहेत. मी विचारायचे, "आई काय म्हणते?" ती म्हणायची, "हसते." आणि मी पेटीतली पुस्तकं उगाच वरखाली करायची. दोघींची गुपितं माझ्याकडे होती आणि ती एकमेकींना द्यायची मला परवानगी नव्हती. अनेकदा वाटलं, सांगून टाकावं. आईला कळलंय गं, तू दमू नकोस. कारण ती दमलेली दिसत होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. गणिताच्या तासाला ती वहीत भलतंच लिहीत बसते, अशी तक्रार मराठीच्या बाईंनी माझ्यापाशी केली. मी विषय बदलला.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या बुधवारी ती म्हणाली, "आता बाप सापडायला पाहिजे. मला जमत नाहीये." मग शाळा बंद झाली.

सुट्टीत मी दोनदा परंदवडीच्या रस्त्याला लागले आणि दोनदा सोमाटणे फाट्यावरून परत फिरले.

शाळा उघडली त्या बुधवारी ती मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आधीच व्हरांड्यात येऊन उभी होती. पुस्तक हातात. तिने ते मला दिलं. पुठ्ठ्यावर हळदीचा डाग होता.

"झालं," ती म्हणाली. "खरं वाचलं."

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत मला आठवतं. भाताची कापणी चालू होती. दुपारी जेवून मायलेकी बांधावर बसल्या होत्या. तिने पुस्तक उघडलं, पण वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं. काय बोलावं सुचेना. ती भिंतीकडे बघायची तशी समोरच्या कापलेल्या भाताकडे बघत बसली.

"मग आई म्हणाली, किती चालवशील त्याला? पाय दुखलं आसतील त्याचं. आता पुस्तकातलं वाच."

"मग?"

"मग मी मागं गेले. खाडीचं पान काढलं आणि वाचलं. एका दमात. रडू येत होतं तरी वाचलं. आई ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, परत वाच." तिने नाक पुसलं. "परत वाचलं. मग आई म्हणाली, ह्या पोरीला निदान ठावं तरी हाय तो पिशवीसाठी गेला. आमचा कशापायी खोल गेला ते कुनीच सांगितलं न्हाई. मग पप्पा आले विळा घेऊन. आई त्यांना सगळ्यांसमोर म्हणाली, त्याच्या दोस्तांना एकदा घरी बोलवा. मला इचारायचंय."

"आले ते?"

"तिघं आले. भाऊबीजेला. एक जण दारातच रडायला लागला. आईनं सगळ्यांना जेवायला घातलं." "आईनं विचारलं त्यांना. त्यांनी सांगितलं. मी आत होते, मला ऐकू आलं. नुसती पैज लावली होती, बाकी काही नाही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि ठेवला नाही. ती मोठी दिसत होती.

"शेवट कसा वाटला आईला? पुस्तकाचा?"

"आवडला नाही," ती म्हणाली. "आई म्हणाली, बाप घावला पन उशिरा घावला, त्याला काय आर्थ हाय. आणि मीठ असं तयार होत नाही म्हणाली. कुणी सांगितलंय तिला कोण जाणे." ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होते. एका बाजूचा दात किंचित पुढे होता.

माझ्या मनात तिची वही घोळत होती. तिने रचलेला तो भाऊ, बैलगाडीवाला, उतरलेला ताप. ते सगळं कागदावर होतं. ग्रंथपालाला अशा वेळी लोभ सुटतो. मी म्हणाले, "ती वही मला वाचायला देशील? फक्त मीच वाचेन."

"ती आईकडं आहे."

"आईकडे?"

"मागून घेतली. तिच्या पेटीत ठेवलीय, लग्नातल्या शालूखाली."

"पण आईला तर..."

"येत नाही वाचायला. माहितीय." तिने खांदे उडवले. "ती माझी नाही आता, मॅडम. मी मागू शकत नाही."

एवढं बोलून ती पेटीपाशी गुडघ्यांवर बसली. मी पुढे झाले. तिच्यासाठी मी तीन पुस्तकं बाजूला काढून ठेवली होती, तिन्ही शेवटापर्यंत वाचलेली. त्यातलं एक तिच्या हातात देणार, तेवढ्यात तिने तळाशी हात घालून एक जाडजूड, कोपरे मुडपलेली कादंबरी ओढून काढली. ती मी दिवाळीच्या सुट्टीतच शेवटापर्यंत वाचली होती. त्यात काय होतं ते मला पानापानानिशी ठाऊक होतं आणि मी ती परत घ्यायला हात पुढे केला.

"त्यात..." मी म्हणाले.

"सांगू नका," ती म्हणाली. तिने वहीत नाव लिहिलं, तारीख लिहिली. घंटा झाली. मुलं चारी बाजूंनी पळत आली, कुणी माझ्या स्कूटरवर दप्तर ठेवलं, कुणी "मॅडम, काहीतरी द्या" म्हणून ओढायला लागलं. त्या गर्दीत मी मान उंच करून बघत होते. ती व्हरांड्याच्या टोकाला, नळाशेजारी उभी राहून पहिलं पान वाचत होती.